नखावरून फुप्फुसाची परीक्षा

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय वैद्यकांतला आहे आणि बोलणारा मी वैद्य नव्हे, हें आरंभींच सांगून टाकतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. चौतीस वर्षें मुलांना गणित आणि शास्त्र शिकविलें. शास्त्राच्या तासाला दरसाल एक प्रयोग मी हटकून करून दाखवीत असें. ओढ्यांतून आणलेला करंगळीएवढा मासा ओल्या कापसांत गुंडाळावयाचा, त्याची पारदर्शक शेपटी तेवढी उघडी ठेवून ती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरावयाची, आणि एकेका मुलास डोळा लावावयास सांगावयाचें. त्या शेपटींत केंसाहूनही बारीक नळ्या दिसत, आणि त्यांतून रक्तांतल्या पेशी पालखीमागच्या वारकऱ्यांप्रमाणें एकीमागून एक पुढें सरकत. मुलें हरखून जात. मग मासा पुन्हां पाण्यांत सोडून देत असूं. या नळ्यांना केशवाहिन्या म्हणतात. माशाच्या शेपटींतल्या केशवाहिन्या मीं शेंकडों मुलांना दाखविल्या. पण माझ्या सख्ख्या वडील बहिणीच्या बोटांत त्याच केशवाहिन्या एकेक करून मिटत चालल्या होत्या, आणि त्या पाहण्याची बुद्धि मला झाली नाहीं. ती हकीकत सांगतां सांगतांच हा विषय उलगडावा, असें योजिलें आहे.

आमची अक्का नाशिकास असते. पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. पौषांतल्या थंडींत सकाळीं नळाच्या पाण्याखालीं हात गेले कीं तिचीं बोटें टोंकापासून मधल्या पेरापर्यंत खडूसारखीं पांढरीं पडत. जरा वेळानें तीं निळसर होत, आणि ऊब मिळाली म्हणजे लाल होऊन ठणकूं लागत. पांढऱ्या भागाची सीमा तर इतकी रेखीव कीं, जणूं पट्टीनें रेघ आंखली आहे. “रक्त कमी असेल, दुसरें काय!” असें अक्का म्हणे, आणि आम्हीही तिला लोहाच्या गोळ्या घेण्याचा उपदेश करून मोकळे होत असूं. मी तर एकदां, “अक्का, तूं भांडीं घासावयास बाई ठेव, म्हणजे बोटें आपोआप बरीं होतील,” असें म्हणून तिची थट्टाही केली होती.

पांढरा, निळा आणि लाल असा हा तीन रंगांचा खेळ मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यानें १८६२ सालीं पॅरिस येथें लिहिलेल्या आपल्या प्रबंधांत वर्णिला. म्हणून त्यास रेनोचा विकार म्हणतात. थंडी लागली कीं त्वचेंतल्या बारीक रोहिण्या आकुंचन पावतात, हा धर्म सर्वांच्याच शरीराचा आहे. या विकारांत तें आकुंचन मर्यादेबाहेर जातें, इतकेंच. येथें एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. नाहीं तर हें भाषण संपण्यापूर्वींच कित्येक घरांत बोटें तपासण्याची धांदल उडेल. रेनोचा विकार शंभरांत सुमारें तीन ते पांच माणसांना असतो, विशेषतः तरुण स्त्रियांना. आणि त्यांतील बहुतेकांना त्यापासून थंडींतल्या त्रासापलीकडे कांहींही अपाय होत नाहीं. थोड्यांच्या बाबतींत मात्र तो एका मोठ्या रोगाची नांदी ठरतो. तो चाळिशीनंतर प्रथमच सुरू झाला असेल, बोटांच्या टोंकांना जखमा होत असतील, किंवा बोटें सुजून कातडी ताठ होऊं लागली असेल, तर त्याची उपेक्षा करूं नये. अक्काला तो सुरू झाला तेव्हां तिनें पन्नाशी ओलांडली होती.

त्या मोठ्या रोगाचें नांव सिस्टेमिक स्क्लेरोसिस. ग्रीक भाषेंत स्क्लेरोस म्हणजे कठीण. त्यावरून हें नांव पडलें. नेपल्स शहरांतील कार्लो कुर्त्सिओ या वैद्यानें १७५३ सालीं एका सतरा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिची कातडी इतकी ताठ झाली होती कीं तोंड उघडणेंही तिला कठीण जाई. या रोगाचें तें पहिलें नीटस वर्णन समजलें जातें. सर्वांच्या डोळ्यांत भरते ती कातडी. म्हणून शंभर-दीडशें वर्षें हा कातडीचाच रोग मानला गेला. आज आपण जाणतों कीं, कातडीचा ताठरपणा हा या रोगाचा मधला अंक आहे. पहिला अंक सुरू होतो तो बारीक रक्तवाहिन्यांत, आणि शेवटचा पुष्कळदां फुप्फुसांत. पुरुषांपेक्षां स्त्रियांना हा रोग सुमारें चौपट अधिक होतो, आणि तोही बहुधा संसाराच्या ऐन भराच्या वयांत.

बारीक रक्तवाहिन्यांची ओळख मनुष्यास तशी उशिराच झाली. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला; परंतु रोहिणींतलें रक्त नीलेंत कोणत्या वाटेनें जातें, हें त्याला दाखवितां आलें नाहीं. ती वाट १६६१ सालीं मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन पंडितास बेडकाच्या फुप्फुसांत सांपडली. केशवाहिन्या मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडल्या त्या फुप्फुसांत, हें लक्षांत असूं द्यावें. आपणांस शेवटीं तेथेंच जावयाचें आहे.

केशवाहिनीची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर. मीं शाळेंत हा थर मुलांना नळाच्या आंतल्या रंगासारखा म्हणून सांगत असें. तें शिकविणें चुकीचें होतें. हा थर निर्जीव अस्तर नव्हे. वाहिनी केव्हां सैल पडावी आणि केव्हां आवळावी, याचा हुकूम देणारीं द्रव्यें हाच थर उत्पन्न करतो. १९८८ सालीं जपानी संशोधकांनीं असें एक आवळणारें द्रव्य शोधून काढलें. त्याला एंडोथेलिन म्हणतात. प्रस्तुत रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा घरच्यांवरच उलटते, अस्तराच्या पेशींना इजा होते, आवळणारीं द्रव्यें वाढतात आणि सैल करणारीं घटतात. बारीक रोहिण्या आंतून जाड होत जातात. त्यांच्या पुढच्या केशवाहिन्यांना रक्त मिळेनासें होऊन त्या मिटतात. त्यांतच आणखी एक अनर्थ होतो. आपल्याला जखम झाली कीं शरीर तेथें तंतूंचा भरणा करून व्रण घालतें आणि काम झालें कीं थांबतें. या रोगांत जखम डोळ्यांना दिसत नाहीं, पण तंतूंचा भरणा करणारे मजूर थांबतच नाहींत. कातडींत हा भरणा झाला म्हणजे बोटें वांकत नाहींत. अन्ननलिकेंत झाला म्हणजे घांस उतरत नाहीं. आणि फुप्फुसांत झाला म्हणजे काय होतें, तें पुढें येईलच.

हें सर्व आंत घडत असतांना बाहेरून पाहण्यास एखादी खिडकी आहे काय? आहे, आणि ती आपल्या प्रत्येकाच्या बोटावर आहे. नखाच्या मुळाशीं त्वचेची एक पातळ घडी असते. इतर ठिकाणीं त्वचेंतल्या केशवाहिन्या पृष्ठभागाकडे तोंड करून उभ्या असतात. त्यामुळें वरून पाहणारास त्यांचीं टोंकें तेवढीं ठिपक्यांसारखीं दिसतात. नखाच्या मुळाशीं मात्र त्या आडव्या निजलेल्या असतात, म्हणून त्यांची सबंध लांबी नजरेखालीं येते. अमेरिकेंतील लोंबार्ड नांवाच्या प्राध्यापकानें १९१२ सालीं असें दाखविलें कीं, त्या जागीं तेलाचा एक थेंब ठेवला म्हणजे वरची कातडी कांचेसारखी पारदर्शक होते, आणि सूक्ष्मदर्शकांतून जिवंत माणसाच्या केशवाहिन्या दिसूं लागतात. तेलाचा एक थेंब! हें मला ठाऊक असतें, तर ओढ्यांतल्या माशांना मीं कधींच त्रास दिला नसता.

निरोगी माणसाच्या नखाशीं काय दिसतें? बायकांच्या अंबाड्यांतल्या आंकड्यांसारखे सुबक फांस ओळीनें, एकमेकांशीं समांतर उभे असतात. एका मिलिमीटरच्या अंतरांत ते सात किंवा अधिक असावयाचे, आणि प्रत्येकाची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून कमी. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्यें ही शिस्त मोडते. १९२५ सालीं ब्राऊन आणि ओलिअरी या अमेरिकन डॉक्टरांनीं या रोगांतल्या केशवाहिन्यांचें वर्णन केलें. पुढें १९७३ सालीं हिल्डेगार्ड मॅरिक या विदुषीनें या रोगाचा विशिष्ट नमुना ठरवून दिला. २००० सालीं इटलींतील जिनोआचे कुतोलो आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या नमुन्याच्या तीन अवस्था पाडल्या. पहिल्या अवस्थेंत कांहीं फांस फुगून मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही रुंद होतात. त्यांना राक्षसी केशवाहिन्या म्हणतात. मधूनच रक्ताचा बारीक ठिपका झिरपलेला दिसतो, पण ओळ शाबूत असते. दुसऱ्या अवस्थेंत असे राक्षस आणि ठिपके पुष्कळ होतात आणि ओळींत खिंडारें पडूं लागतात. तिसऱ्या अवस्थेंत राक्षस दिसेनासे होतात. अजाण माणसास वाटावें, रोग ओसरला! वास्तविक तेथें फुगण्यासारखी वाहिनीच उरलेली नसते. मोकळें मैदान आणि त्यांत काटेरी झुडपासारख्या फुटलेल्या दोनचार वेड्यावांकड्या फांद्या, एवढाच देखावा राहतो.

या खिडकीचा पहिला उपयोग असा कीं, निरुपद्रवी रेनो कोणता आणि उपद्रवी कोणता, हें ती पुष्कळ आधीं सांगते. कॅनडांत मॉन्ट्रियल येथें रेनोच्या ५८६ रोग्यांना वीस वर्षांपर्यंत नजरेखालीं ठेवून केलेला अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नखांतल्या केशवाहिन्या निरोगी होत्या आणि ज्यांच्या रक्तांत या रोगाचे विशिष्ट प्रतिपिंड नव्हते, अशांपैकीं शंभरांत दोघांनाही पुढें हा रोग झाला नाहीं. ज्यांच्यांत दोन्ही गोष्टी बिघडलेल्या होत्या, अशांपैकीं शंभरांत जवळ जवळ ऐंशी जणांना तो झाला. इतका स्वच्छ निवाडा वैद्यकांत क्वचितच आढळतो. २०१३ सालीं अमेरिकेंतील आणि युरोपांतील तज्ज्ञांनीं मिळून या रोगाच्या निर्णयासाठीं शाळामास्तराला आवडेल अशी एक गुणपद्धति ठरविली. तींत नऊ गुण मिळाले कीं रोग निश्चित समजावयाचा. रेनोच्या विकाराला तीन गुण, विशिष्ट प्रतिपिंडांना तीन, नखाच्या केशवाहिन्यांना दोन, चेहऱ्यावरच्या लाल ठिपक्यांना दोन, असा तो हिशेब आहे. आमची अक्का या परीक्षेंत दहा गुण मिळवून उत्तीर्ण झाली. फुप्फुसांसाठीं ठेवलेले दोन गुण तिला मागाहून मिळाले.

ती परीक्षा होईपर्यंत मात्र फार वेळ गेला होता. पांच वर्षांपूर्वीं अक्काला दम लागूं लागला. काळ्या रामाच्या देवळाच्या पायऱ्या ती अर्ध्यावर थांबून चढे. एका डॉक्टरांनीं छातीचें क्ष-किरण चित्र काढविलें. तें स्वच्छ निघालें. नळींतून फुंकण्याची परीक्षा करविली. तीही चांगली आली. “वयोमानाप्रमाणें चालावयाचेंच,” असें सांगून त्यांनीं तिला परत पाठविलें, आणि आम्हांलाही तें पटलें. मी स्वतः चार वर्षांनीं लहान असून जिना चढतांना थांबतोंच कीं! पुढें आठ महिन्यांनीं दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं नाडी पाहतां पाहतां अक्काचीं नखें खिडकीच्या उजेडाकडे वळविलीं आणि विचारलें, “आजी, थंडींत बोटें पांढरीं पडतात का हो तुमचीं?” तोपर्यंत बोटांचा आणि दमाचा कांहीं संबंध असूं शकेल, हें आमच्या घरांत कोणाच्या स्वप्नांतही आलें नव्हतें.

फुंकण्याची परीक्षा चांगली, आणि तरीही दम! हें कोडें सुटावें म्हणून फुप्फुसाची रचना क्षणभर डोळ्यांपुढें आणूं या. फुप्फुस म्हणजे कांहीं कोटी वायुकोशांचा द्राक्षघोंस. प्रत्येक वायुकोशाभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असतें. आंत हवा, बाहेर रक्त, आणि दोहोंच्या मध्यें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा पडदा. त्या पडद्यांतून प्राणवायु रक्तांत झिरपतो. या रोगांत येथें दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं बिघाड होतो. एक तऱ्हा अशी कीं, वायुकोशांच्या भिंतींत तंतूंचा भरणा होऊन त्या जाड आणि ताठ होतात, फुप्फुसें आकसतात. दुसरी तऱ्हा अशी कीं, भिंती बहुतांशीं चांगल्या राहतात, पण फुप्फुसांतल्या बारीक रोहिण्या बोटांतल्यासारख्याच आंतून जाड होऊन अरुंद होतात. मग रक्त पुढें ढकलण्यासाठीं हृदयाच्या उजव्या कप्प्यास जास्त जोर लावावा लागतो, फुप्फुसांच्या रोहिणींतला दाब चढतो, आणि तो कप्पा शेवटीं थकतो. या रोगाच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें दहांना ही दुसरी आपत्ति येते. कांहीं अभागी जीवांच्या वांट्यास दोन्ही येतात.

आतां माठाचें उदाहरण घेतों. माठाची परीक्षा दोन प्रकारांनीं करतां येते. त्यांत किती तांबे पाणी मावतें, ही एक. आणि पाणी किती गार होतें, ही दुसरी. पाणी गार होतें तें माठाच्या सूक्ष्म रंध्रांतून पाझरून. तीं रंध्रें क्षारांनीं बुजलीं तर माठांत पाणी पहिल्याइतकेंच मावेल, पण गार होणार नाहीं. तांबे मोजून पाहणारा म्हणेल, माठ उत्तम आहे. उन्हांतून येऊन पाणी पिणारा मात्र तोंड वांकडें करील. फुंकण्याची परीक्षा ही तांबे मोजण्याची परीक्षा होय. लंडनच्या जॉन हचिन्सन यानें १८४६ सालीं ती रूढ केली. छाती भरून घेतलेला श्वास जोरानें सोडला असतां किती हवा बाहेर पडते, तें तींत मोजतात. तंतूंनीं फुप्फुस आकसलें असेल तर हा आंकडा उतरतो. पण केवळ रोहिण्या बिघडल्या असतील, तर तो पुष्कळ काळ चांगलाच राहतो. अक्काचें तसेंच झालें होतें.

रंध्रांची परीक्षा निराळी आहे. आणि तिची जन्मकथा सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. डेन्मार्कांत कोपनहेगन येथें ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी क्रोग हें दांपत्य संशोधन करीत असे. मारीबाई डॉक्टर होत्या. त्या काळीं ऑगस्ट यांचे गुरु क्रिस्तियान बोर (अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे हे वडील) असें प्रतिपादीत कीं, ग्रंथींतून रस पाझरावा तसा प्राणवायु फुप्फुसें स्वतः रक्तांत ढकलतात. क्रोग पतिपत्नींनीं १९१० च्या सुमारास दाखवून दिलें कीं तसें कांहीं नाहीं. वायु आपोआप झिरपतो, आणि तेवढें झिरपणें पुरेसें आहे. पण तें किती झिरपतें हें जिवंत माणसांत मोजावें कसें? मारी क्रोग यांनीं १९१५ सालीं युक्ति प्रसिद्ध केली. त्यांनीं निवडला कार्बन मोनॉक्साइड वायु. बंद खोलींत शेगडी पेटवून निजणाऱ्यांचा जीव घेतो, तोच. रक्तांतलें हीमोग्लोबिन या वायूला प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट धरतें. त्यामुळें पडदा ओलांडून जितका वायु गेला तितका रक्तानें पकडला, परत आला नाहीं, असा सरळ हिशेब करतां येतो. हल्लीं रोग्यास हजारांत तीन भाग इतकाच हा वायु मिसळलेली हवा एकदां छाती भरून घ्यावयास लावतात, दहा सेकंद दम रोखावयास सांगतात, आणि सोडलेल्या श्वासांत वायु किती उरला तें मोजतात. इतक्या अल्प मात्रेनें अपाय होत नाहीं. आणि योगायोग पाहा: पत्नीनें फुप्फुसांतल्या झिरपण्याचें माप शोधलें, तर पतीला १९२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें केशवाहिन्या गरजेप्रमाणें उघडतात-मिटतात कशा, या शोधाबद्दल. नख आणि फुप्फुस ही आजच्या भाषणाची जोडी एका घरांत शंभर वर्षांपूर्वींच नांदत होती. मारीबाईंना पुढें मधुमेह झाला, आणि त्या निमित्तानें या दांपत्यानें अमेरिकेच्या प्रवासांतून इन्सुलिनची विद्या डेन्मार्कांत नेली. पण तो विषय वेगळा.

अक्काच्या दोन्ही परीक्षा नीट झाल्या तेव्हां आंकडे असे आले. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईला शंभर धरलें, तर तिच्या फुप्फुसांत हवा मावत होती ब्याण्णव, आणि वायु झिरपत होता अठ्ठेचाळीस. पहिल्या आंकड्यास दुसऱ्यानें भागलें तर जवळ जवळ १.९ येतात. हा भागाकार १.६ च्या वर गेला कीं फुप्फुसांच्या रोहिण्यांविषयीं संशय घ्यावा, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. गणिताच्या मास्तराला हा भागाकार शिकावयास साठी ओलांडावी लागली! मग हृदयाची ध्वनिलहरींची तपासणी झाली. आणि शेवटीं एक बारीक नळी शिरेंतून हृदयाच्या उजव्या बाजूस नेऊन दाब प्रत्यक्ष मोजला. खात्री अशी नळी घालूनच होते. निरोगी माणसांत हा सरासरी दाब पाऱ्याच्या चौदा मिलिमीटरच्या आसपास असतो; वीसच्या वर गेला कीं तो वाढलेला समजतात. अक्काचा अडतीस होता.

तर मग नखें पाहून फुप्फुसांचें निदान करतां येतें काय? भाषणाचें नांव तसें दिलें असलें तरी प्रामाणिक उत्तर असें कीं, निदान करतां येत नाहीं. संशय मात्र घेतां येतो. ज्यांच्या नखांशीं केशवाहिन्या विरळ झाल्या आहेत, मोकळीं मैदानें पडलीं आहेत, अशा रोग्यांत फुप्फुसांचा बिघाड आणि झिरपण्याचा उतरलेला आंकडा अधिक वेळां आढळतो, असें अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसून आलें आहे. परंतु हा संबंध व्याजाच्या कोष्टकासारखा ठरीव नाहीं. नखें फार बिघडलेलीं आणि फुप्फुसें ठीक, किंवा याच्या उलट, अशींही माणसें असतात. फुप्फुसांतल्या केशवाहिन्या जिवंतपणीं भिंगांतून पाहतां येत नाहींत. तेव्हां त्यांच्या चुलत बहिणी ज्या बोटांत आहेत त्यांची विचारपूस करावयाची, आणि मग फुप्फुसांची स्वतंत्र परीक्षा करावयाचीच. म्हणून रोगाचा निर्णय होतांच, दम लागत असो वा नसो, फुप्फुसांचें सी. टी. स्कॅन, फुंकण्याची व झिरपण्याची परीक्षा, आणि हृदयाची तपासणी एकदां करून ठेवावी, आणि फुंकण्या-झिरपण्याची आणि हृदयाची परीक्षा पुढें दरसाल करीत जावी, असा आजचा संकेत आहे. दम लागण्याची वाट पाहूं नये. कारण फुप्फुसांत शिल्लक इतकी मोठी असते कीं, बरीचशी खर्च होईपर्यंत माणसाला कळतच नाहीं. त्यांतून या रोग्याचे सांधे ताठलेले असतात, तो मुळांतच सावकाश चालतो. धांवणारालाच लागावयाचा तो दम त्याला लागणार कसा?

पूर्वीं या रोगांत माणसें दगावत तीं बहुधा मूत्रपिंडें अकस्मात् बिघडून. १९८० च्या सुमारास त्यावर गुणकारी औषधें आलीं, आणि तेव्हांपासून फुप्फुसें ही पहिल्या क्रमांकाची चिंता होऊन बसली आहेत. रोग समूळ नाहींसा करणारें औषध आजही नाहीं. मात्र रोहिण्यांचा दाब उतरविणारीं औषधें आहेत. त्यांतलें एक, बोसेंटान, वर सांगितलेल्या एंडोथेलिनलाच अडवितें. तें २००१ सालापासून प्रचारांत आहे. तंतूंच्या बाबतींत, संरक्षक यंत्रणेस आवर घालणारीं औषधें आहेत. आणि २०१९ सालीं निंटेडॅनिब या औषधाची ५७६ रोग्यांवर केलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. औषधावांचून राहिलेल्यांची श्वासाची मात्रा वर्षांत सरासरी ९३ मिलिलिटर घटली, आणि औषध घेणाऱ्यांची ५२. घट थांबली नाहीं, मंदावली. गेलेलें फुप्फुस कोणतेंही औषध परत आणीत नाहीं. अक्काचे आठ महिने आम्हीं वयोमानाच्या खातीं जमा केले, तें यामुळेंच मनाला लागून राहतें.

स्वित्झर्लंडांत राहणारे चित्रकार पॉल क्ले यांना १९३५ सालापासून जो आजार जडला आणि ज्यांत ते १९४० सालीं वारले, तो हाच असावा, असें तो सर्व पुरावा तपासणाऱ्या वैद्यांचें मत आहे. त्यांच्या हयातींत रोगाचें नांव कोणीं निश्चित केलें नव्हतें. १९३६ सालीं त्यांच्या हातून जेमतेम पंचवीस चित्रें झालीं. पण १९३९ सालीं, दम लागत असतां, घांस उतरत नसतां, त्यांनीं बाराशेंहून अधिक चित्रें काढलीं. त्यांतल्या कांहींचीं छापील चित्रें मीं पाहिलीं आहेत. रेघा जाड आणि ठसठशीत आहेत. रोगाशीं त्यांचा संबंध लावावा कीं नाहीं, तें रसिकांनीं ठरवावें.

वेळ थोडा उरला आहे; तेवढ्यांत दोन उपयोगाच्या गोष्टी सांगतों, कारण त्या आम्हांला आधीं कोणीं सांगितल्या नाहींत. नखांची तपासणी करावयाची असेल तर कांहीं आठवडे अगोदरपासून नखांना रंग लावूं नये, आणि नखाच्या मुळाची कातडी कापूं किंवा कुरतडूं नये. तेथें जखम असली कीं ती रोगासारखीच दिसते. थंडींतून आल्याबरोबर तपासणीस बसूं नये. पंधरा-वीस मिनिटें साधारण उबेच्या खोलींत बसून मग हात पुढें करावा. अनामिका आणि करंगळी या बोटांत चित्र सर्वांत स्पष्ट दिसतें. आपल्याकडील सांवळ्या कातडींत केशवाहिन्या जरा अंधुक दिसतात. तेव्हां पाहणाराला घाई करूं देऊं नये. झिरपण्याच्या परीक्षेपूर्वीं विडी-सिगारेट ओढलेली नसावी. तिच्या धुरांत तोच कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि रक्त तपासून हीमोग्लोबिनचा आंकडा बरोबर न्यावा. अंगांत रक्त कमी असलें म्हणजे वायु पकडणारे हातच कमी पडतात आणि परीक्षेचा आंकडा फुप्फुसांच्या दोषावांचूनही खालीं येतो. आपल्या घरांतल्या बायकांच्या बाबतींत हें तर पदोपदीं घडण्यासारखें आहे.

अक्का आतां दोन औषधें घेते आणि घरांतही लोंकरीचे हातमोजे घालून वावरते. झिरपण्याचा आंकडा गेल्या खेपेस सत्तेचाळीस आला, म्हणजे तीन वर्षांत एकानें उतरला. काळ्या रामाच्या पायऱ्या ती अजून मध्यें थांबूनच चढते. पुढची परीक्षा मार्गशीर्षांत आहे. आणि परवां तिचा दूरध्वनि आला तो कुशल विचारण्यासाठीं नव्हे, “बापू, रक्ताचा कागद तुझ्याकडेच राहिला आहे, येतांना आठवणीनें घेऊन ये,” हें सांगण्यासाठीं.